मोड आणि घडण
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे केलेले भाषण)



वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी पूर्वजांचे गुणगान करावे, परीक्षेत चमकलेल्या मुलामुलींचे कौतुक करावे, ऐक्याचा उपदेश करावा आणि आसनस्थ व्हावे, अशी आपल्याकडची रूढी आहे. ती रूढी वाईट नव्हे. पूर्वजांना आम्ही वंदन करतो, बक्षिसे मिळवणाऱ्या मुलांचे मनापासून अभिनंदन करतो. परंतु आज दुपारच्या सभेपुढे एक ठराव येणार आहे, त्यावर आपल्यांत दोन तट पडले आहेत, आणि त्या ठरावासंबंधी आपले मत स्वच्छ शब्दांत मांडणे हेच आमचे आजचे कर्तव्य आहे असे आम्ही समजतो.

ठराव असा आहे: ज्ञातीच्या कार्यालयाची मागची पडवी दर रविवारी सकाळी मुलांच्या हस्तकामाच्या शाळेसाठी द्यावी, त्या शाळेत मोडीची भांडी, पत्र्याची कातरणे, जुन्या तारा, रिकामे डबे अशा टाकाऊ जिनसांतून मुलांना वस्तू घडवण्यास शिकवावे, शिकवण्यासाठी आपल्या वयोवृद्ध कारागिरांना मानधन देऊन बोलवावे, आणि या शाळेचे दार ज्ञातीबाहेरच्या मुलांनाही उघडे असावे. ठराव चार ओळींचा आहे. पण त्यामागे आपल्या ज्ञातीचा सगळा भूतकाळ उभा आहे, आणि पुढचा काळही.

प्रथम 'मोड' या शब्दाविषयी बोलू. आज सर्वत्र मराठीत एखादी गोष्ट 'मोडीत काढली' म्हणजे ती निकामी ठरवून टाकून दिली, असा अर्थ घेतात. ज्यांच्या घरात हा शब्द पिढ्यान्पिढ्या काट्यावर तोलला गेला, त्या आपल्या लोकांना तरी हा अर्थ मान्य होण्यासारखा नाही. भांडी बाजारात गिऱ्हाईक यायचे ते बहुधा रिकाम्या हाताने येत नसे. चेपलेली घागर, बूड गेलेले पातेले, कान तुटलेला हंडा असे काहीतरी त्याच्या पिशवीत असे. दुकानदार ते काट्यावर टाकी, आटवताना येणारी घट वजा करी, मोडीचा भाव धरी, आणि नव्या भांड्याच्या किमतीतून ती रक्कम वळती करून वरची घडणावळ तेवढी रोख घेई. घरातली धातू घरातच राही. तिचे रूप मात्र बदले. सासूच्या हंड्याची सुनेची घागर होई, आणि सुनेच्या घागरीचा नातवाच्या मुंजीतला तांब्या होई. मोडीत काढणे म्हणजे संपवणे नव्हे, पुन्हा आरंभ करणे, हा या शब्दाचा आपल्या धंद्यातला अर्थ होता.

टाकाऊपासून टिकाऊ, कचऱ्याचा पुनर्वापर, असे शब्द हल्ली शाळांच्या भिंतींवर लिहिलेले दिसतात. ते लिहिणाऱ्यांना आम्ही नमस्कार करतो. पण आपल्या ज्ञातीने हे तत्त्व भिंतीवर लिहिले नाही. ते मुशीत वितळवले आणि खरवईवर ठोकले. तांब्याचा गुणच असा की ते किती वेळा आटवले तरी त्याचे तांबेपण कमी होत नाही. आज आपल्या घरातल्या तांब्यात जी धातू आहे ती पूर्वी कोणकोणत्या देवघरांत आणि कोणकोणत्या न्हाणीघरांत वावरली असेल, हे सांगणे कोणासही शक्य नाही.

या गोदावरीच्या खोऱ्याशी धातूचे नाते किती जुने आहे, याविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी आपल्या नाशकात आणि प्रवरेकाठच्या जोर्वे गावी उत्खनन केले. जोर्व्याला धातूच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या होत्या, आणि त्या गावाच्या नावावरून महाराष्ट्रातील एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीलाच 'जोर्वे संस्कृती' असे नाव मिळाले. पुढे १९७४ साली त्याच प्रवरेच्या काठी दायमाबादला कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ओतीव शिल्पे मिळाली. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरले. ती घडवणारे हात कोणत्या ज्ञातीचे होते, हे कोणी सांगू शकत नाही, आणि त्यांना आपले पूर्वज म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. पण साडेतीन हजार वर्षांहून जुनी ही विद्या याच खोऱ्यात नांदत होती, आणि ती कोणत्याही ग्रंथात न लिहिता एका हातातून दुसऱ्या हातात आली, एवढे मात्र निश्चित. जी विद्या हातातून हातात येते, ती एका पिढीचा हात मागे घेतला गेला की संपते. ग्रंथ कपाटात शंभर वर्षे पडून राहिला तरी पुन्हा उघडता येतो. हाताला ती सवड नाही.

आपल्या वेदकालीन नाममूळाचा अभिमान आपण पुष्कळ बाळगतो. त्वष्टा हा देवांचा शिल्पी. इंद्राचे वज्र त्याने घडवले असे ऋग्वेद सांगतो. परंतु आज सभागृहात बसलेल्या तरुणांपैकी किती जणांना डाख कसा लावतात हे ठाऊक आहे? किती जणांनी मठारकाम हातांनी केले आहे? आम्ही हा प्रश्न कोणाला लाजवण्यासाठी विचारीत नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील आले, त्याआधी ॲल्युमिनियम आले होते, मागाहून प्लॅस्टिक आले. न्हाणीघरातला बंब गेला, त्याच्या जागी विजेचा हीटर आला. चुलीवरचे पातेले गेले आणि त्याबरोबर वर्षातून दोनदा दारात भाता मांडून बसणारा कल्हईवालाही गेला. ज्यांच्या पोटावर पाय आला त्यांनी मुलांना शिकवले, आणि ती मुले सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, बँकांत, शाळांत, पुढे पुण्यामुंबईस आणि परदेशी गेली. हे योग्यच झाले. ज्या बापाचे कान भट्टीपाशी ठोकून ठोकून बधिर झाले, त्याने आपल्या मुलाच्या हाती लेखणी दिली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही.

येथेच ठरावाच्या विरोधकांचा पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. ते म्हणतात, 'ज्या हातोड्यातून दोन पिढ्यांनी महत्प्रयासाने सुटका करून घेतली, तोच हातोडा तुम्ही नातवंडांच्या हाती देणार काय?' हा आक्षेप टाळ्यांनी किंवा विनोदाने उडवून लावण्यासारखा नाही. त्याच्या पाठीशी इतिहास आहे, आणि तो इतिहास आपण जाणून घेतला पाहिजे.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. महात्माजींनी तेथे मांडलेला विचार असा होता की सात ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण द्यावे आणि ते एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या द्वारे द्यावे. सूत कातता कातता गणित, भूगोल, इतिहास आणि विज्ञान शिकावे. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या 'नयी तालीम'चा अभ्यासक्रम आखला. विचार थोर होता. त्याच विचाराच्या आसपास वावरणारी दुसरी एक योजना मात्र १९५३ साली मद्रास प्रांतात आली. राजाजींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ अर्ध्या दिवसाची केली आणि उरलेला वेळ मुलाने घरी वडिलांचा धंदा शिकावा असे ठरवले. तेथील लोकांनी तिला कुलधंद्याच्या शिक्षणाची योजना असे नाव दिले आणि तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले; कारण चांभाराच्या मुलाने चांभारच व्हावे आणि परटाच्या मुलाने परीटच, असा तिचा अर्थ होत होता. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना रद्द केली. रद्द केली हे उत्तम केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जातिसंस्थेवरील एक मुख्य आक्षेप हाच होता की ती जन्मावरून धंदा ठरवते आणि माणसाच्या आवडीस व कुवतीस जागाच ठेवत नाही. आम्ही त्या आक्षेपाशी पूर्णपणे सहमत आहोत.

मग प्रश्न असा की, हातोडा शिकणे आणि हातोड्याला बांधले जाणे या दोहोंत भेद आहे की नाही? आमच्या मते भेद आहे, आणि तो तीन कसोट्यांवर ओळखता येतो. पहिली कसोटी, शाळेचा वेळ कमी करून काम शिकवले जाते की शाळा अबाधित ठेवून. दुसरी, मुलाच्या श्रमाचा पैसा कोणाच्या गल्ल्यात पडतो. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, ही विद्या विशिष्ट घरात जन्मलेल्यालाच शिकवली जाते की मागेल त्याला. मद्रासची योजना पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीवर नापास झाली. आपला ठराव तिन्ही कसोट्यांवर उतरला पाहिजे, आणि तसा तो उतरतो, असे आम्हांस वाटते. शाळा रविवारची आहे. मुलांनी केलेली वस्तू विकावयाची नाही. ती ज्याची त्याने घरी न्यावयाची. आणि दार सर्वांना उघडे आहे.

हस्तकामातून शिकणे म्हणजे नेमके काय, हे मोघम राहू नये, म्हणून आपल्याच धंद्यातली काही उदाहरणे देतो.

चौरस पत्र्यातून त्यात मावेल तेवढे सर्वांत मोठे वर्तुळ कातरले, तर शेकडा एकवीसहून थोडा अधिक पत्रा कातरण म्हणून उरतो. पत्रा केवढाही घ्या, प्रमाण तेच. शाळेतल्या मुलाला वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र पाठ असते. पण कातरणांचा ढीग काट्यावर टाकून त्याने स्वतः हे प्रमाण काढले, तर ते सूत्र त्याच्या हाडीमांसी खिळते. शिवाय तो पुढचा प्रश्न आपण होऊन विचारतो, की या कातरणांचे काय करावयाचे? आपल्या शाळेचा कच्चा माल तोच.

दुसरे उदाहरण घ्या. तांब्याची तार हातात घेऊन वाकवावी, सरळ करावी, पुन्हा वाकवावी. दहा-बारा वेळा केले की ती ताठर होते आणि अखेरीस तुटते. तीच तार तापवून घेतली तर पुन्हा मऊ पडते. ठोकल्याने धातू कठीण होते आणि तापवल्याने मऊ होते, म्हणून कारागीर मधूनमधून भांडे भट्टीत घालतो. आणि शेवटचे मठारणे तापवल्यानंतर करतो, कारण त्या शेवटच्या ठोक्यांनीच भांड्याला बळकटी आणि चकाकी येते. धातूच्या पोटातील स्फटिकांची जी रचना महाविद्यालयात शिकवतात, तिचा पहिला धडा हा आहे.

तिसरे उदाहरण काट्याचे. तांब्याचे घनत्व पाण्याच्या जवळजवळ नऊपट, नेमके सांगायचे तर ८.९६ पट असते. ४४८ ग्रॅम वजनाची शुद्ध तांब्याची वस्तू काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवली, तर ५० मिलिलिटर पाणी बाहेर सांडते. पाणी त्याहून अधिक सांडले तर समजावे की हे निव्वळ तांबे नव्हे, यात काहीतरी हलके मिसळले आहे. आर्किमिडीजने राजाच्या मुकुटाची पारख केली ही कथा प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. आपली मुले ती पारख आजीच्या गडव्यावर करतील.

चौथे कल्हईचे. कथील अवघ्या २३२ अंशांवर वितळते आणि तांब्याला वितळण्यास १०८५ अंश लागतात. म्हणूनच तापलेल्या भांड्यावर कथील पाण्यासारखे पसरते आणि भांडे मात्र जसेच्या तसे राहते. नवसागराची पूड टाकताच जो पांढरा धूर उठतो, त्याने पृष्ठभाग स्वच्छ होऊन कथील धरते. आंबट पदार्थ तांब्यापितळेत कळकतो तो का, हे ज्या आजीला ठाऊक होते तिला रसायनशास्त्र येत नव्हते असे कोण म्हणेल?

आता टाकाऊ जिनसांतून शिक्षण हा विचार काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. महाराष्ट्राने तो पूर्वीच आचरून दाखवला आहे. ताराबाई मोडक यांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मॉन्टेसोरीबाईंची शिक्षणसाधने उत्तम, पण किमतीने भारी. खेड्यातील बालवाडीला ती परवडणारी नव्हती. १९४५ साली बोर्डीस ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केले, १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेले, आणि विकतच्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे, माती ही साधने आणली. मुलांची मोजणी शिंपल्यांवर झाली, रंगांची ओळख फुलांवर झाली. पैशाच्या अडचणीतून निघालेला हा मार्ग शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनेही श्रेष्ठ ठरला, कारण मूल आपल्याच परिसराकडे नव्या नजरेने पाहू लागले.

दुसरे नाव अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आय. आय. टी.तून शिकलेला हा अभियंता पुण्यास टेल्कोत नोकरीस होता. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्याच साहित्यावर त्यांनी भूमिती उभी केली. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी ढळत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच तिरका होतो. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे मुलांना त्या दोन आकृत्यांनी कळते. पुढे २००३ पासून दहा-अकरा वर्षे त्यांनी पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञानकेंद्रात कचऱ्यातून खेळणी करण्याचा हा यज्ञ चालवला, आणि २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापिलेला विज्ञान आश्रम याच जातीचा. शाळेत नापास झालेली मुले तेथे लोखंड जोडतात, घरे बांधतात, विजेचे काम करतात, आणि करता करता शिकतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची आणि त्या काळात सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक जाणकारांपाशी काम शिकण्याची सूचना केली आहे. शहरातील शाळा असे जाणकार शोधत असताना आपण दार लावून बसणे शहाणपणाचे होईल काय?

दुसरा आक्षेप दाराविषयीच आहे. काही वडील मंडळी म्हणतात, 'ज्ञातीचा पैसा ज्ञातीच्या मुलांवर खर्च व्हावा. आणि आपल्या धंद्याची खुबी परक्यांना का द्यावी?' या मंडळींचा आम्ही आदर करतो. ज्ञातीचे कार्यालय ज्यांनी पै-पै जमवून उभारले, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. आमचे उत्तर दोन प्रकारचे आहे.

पहिले उत्तर व्यवहाराचे. खुबी कुलुपात ठेवून टिकत असती, तर ती आजवर टिकली असती. आज ज्ञातीतील मुले धंद्याकडे वळत नाहीत हे उघड आहे. मग आपल्या मुलांना नको आणि परक्यांना द्यायची नाही, तर ती विद्या स्मशानातच न्यावयाची असा अर्थ होतो. पंजाबात अमृतसरजवळ जंडियाला गुरू येथे ठठेऱ्यांची वस्ती आहे. तेही आपल्यासारखेच तांब्यापितळेची भांडी ठोकणारे. २०१४ साली युनेस्कोने त्यांच्या कलेचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. पण नुसत्या यादीने भट्टी पेटत नाही. पुढे जिल्हा प्रशासन आणि दिल्लीच्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी त्यांच्यापाशी जाऊन बसले, बाजाराला हवे तसे घाट त्यांच्यासह ठरवू लागले, तेव्हा त्या कामाला पुन्हा मागणी आली. ते विद्यार्थी ठठेऱ्यांच्या ज्ञातीचे नव्हते. पुण्याच्या तांबट आळीतही बाहेरच्या अभ्यासकांनी आणि कलावंतांनी रस घेतल्यावरच मठारकामाच्या नव्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळाले. बाहेरचा डोळा आणि आतला हात एकत्र आले की कला जगते, असा या दोन्ही ठिकाणचा अनुभव आहे.

दुसरे उत्तर आम्ही नाशिककर म्हणून देतो. या शहरात २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे बंद दारापुढे उभी राहिली आणि पाच वर्षे तो लढा चालला. बंद दार कसे दिसते हे या शहराने पाहिले आहे. त्या दाराचा डाग आपण अजूनही पुसतो आहोत. त्या नाशकात आज आपण एक नवे दार बसवणार आहोत. ते बसवतानाच त्याला अडसर लावायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. देवाच्या दारी जे घडले ते विद्येच्या दारी आपण घडू देऊ नये. आणि मोडीचा न्याय तर आपणांस ठाऊकच आहे. मुशीत पडलेली घागर कोणाच्या घरची होती, हे वितळलेल्या धातूला विचारून कळत नाही.

मुलींविषयी वेगळे दोन शब्द बोलतो. आपल्या घरांतील स्त्रियांनी भांडी चिंचेने उजळली, तोलली, दुकानी बसून विकली, धातूची पारख केली. हातोडा मात्र त्यांच्या हाती क्वचितच आला. 'हे पुरुषांचे काम' एवढेच त्याचे कारण सांगितले जाई. रविवारच्या शाळेत मुलगे आणि मुली एकाच रांगेत बसतील, अशी स्पष्ट ओळ ठरावात घालावी, अशी आमची सूचना आहे. नाजूक उठावाच्या कामात तर बळापेक्षा संयमाचीच गरज अधिक असते.

आता काही बंधने. उत्साहाच्या भरात ती विसरली जाऊ नयेत. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली आणि धोक्याच्या कामांत अठरा वर्षांखालील कोणासही ठेवता येत नाही. आपण कोणास कामावर ठेवणार नसलो, तरी त्या कायद्याचा हेतू आपणांसही बंधनकारक मानला पाहिजे. म्हणून मुलांनी फक्त थंड काम करावे: कातरणे, वाकवणे, ठसे उठवणे, तारेने बांधणे. तापवणे, डाख लावणे आणि आटवणे ही कामे मोठ्यांनीच करावीत आणि मुलांनी लांबून पाहावीत. पितळ आटवताना जस्ताची वाफ निघते, कारण जस्त ९०७ अंशांवरच उकळू लागते. तो धूर छातीत गेल्यास ताप भरतो, हे आपल्या वडिलांना अनुभवाने माहीत होते. तसेच विजेच्या तारांवरील प्लॅस्टिक जाळून तांबे काढण्याची जी घातक रीत भंगारात पडली आहे, ती आपल्या पडवीत शिरता कामा नये. त्या धुरात अत्यंत विषारी द्रव्ये असतात. तार सोलून घ्यावी. वेळ लागला तर लागू द्यावा. पत्र्याच्या कडा प्रथम घासून बोथट कराव्यात, आणि ठोकण्याच्या कामास बसणाऱ्या प्रत्येकाच्या कानांना संरक्षण द्यावे. आपल्या आजोबांच्या कानांनी जी किंमत मोजली ती पुन्हा कोणास मोजायला लावू नये.

खर्चाचा प्रश्न आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तो खरोखरच थोडा आहे. जागा आपली आहे. माल मोडीचा आहे. खरवया आणि हातोडे कित्येक घरांच्या माळ्यांवर गंजत पडले आहेत. मोठा खर्च एकच, कारागिरांच्या मानधनाचा, आणि तो कमी करण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. वृद्ध कारागिराला शाल आणि श्रीफळ देऊन त्याचा सत्कार आपण दरवर्षी करतो. तो घरी जातो आणि शाल पेटीत ठेवतो. त्याच्यापुढे आठ मुले बसवून 'शिकवा' म्हणणे आणि त्याच्या कामाचे दाम त्याच्या हातावर ठेवणे, हा त्याचा खरा सत्कार होय. ज्याने आयुष्यभर भांडी घडवली त्याला गुरुजी म्हणून हाक मारली जाईल, तो दिवस आपल्या ज्ञातीच्या इतिहासात लहान गणला जाणार नाही.

शिकलेली मुले या धंद्यात पडतील काय, असे कोणी विचारील. बहुतेक पडणार नाहीत, आणि पडावीत असा आमचा आग्रहही नाही. कोणी वैद्य होईल, कोणी शिक्षिका होईल, कोणी यंत्रापुढे बसेल. एखाद-दुसरे मूल मात्र हातोड्याच्या नादाने वेडे होईल. ते कोणत्याही ज्ञातीचे असो, त्याच्यापाशी ही विद्या राहील. इतरांपाशी दुसरे काही राहील. भांडे कसे होते हे ज्याने पाहिले आहे, तो भांडे फेकताना थांबतो. श्रमाची किंमत ज्याच्या बोटांना कळली आहे, तो श्रमणाऱ्याशी उर्मटपणे बोलत नाही. एवढे जरी साधले तरी रविवारची सकाळ सार्थकी लागली असे आम्ही म्हणू.

बंधुभगिनींनो, दुपारी मत देताना आपण एवढाच विचार करावा. आपल्या माळ्यावर जी चेपलेली घागर आहे तिचा हिशेब आपण जाणतो. तिला आपण कचरा म्हणत नाही, मोड म्हणतो, कारण तिच्यात पुढचे भांडे आहे हे आपणांस दिसते. ज्ञातीची विद्याही आज मोडीच्या स्थितीत आहे. ती भंगारात घालायची की मुशीत, हे आपल्या हातांत आहे. ठराव संमत झाला तर प्रत्येक घराने मोडीचे एक भांडे पहिल्या रविवारी पडवीत आणून ठेवावे, अशी आमची विनंती आहे. आमच्या घरचे भांडे आम्ही बाजूला काढून ठेवले आहे.

कालिकामाता आपणां सर्वांस सद्बुद्धी देवो आणि लहानांच्या हातांना यश देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.